रुग्णालयाचा परवाना, आगीची तपासणी आणि रात्रपाळी

महाराष्ट्रात खासगी रुग्णालय चालवायचे तर दोन कायद्यांची दारे ठोठावावी लागतात. परवाना मिळतो तो १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली. महापालिकेच्या हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग ही नोंदणी करतो, हद्दीबाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. नोंदणीची मुदत तीन वर्षांची असते आणि ती ३१ मार्चला संपते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नसल्याने या जुन्या कायद्यावरच, त्यात आणि त्याच्या नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या करत, कारभार चालतो. आगीचा विषय मात्र महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याच्या अखत्यारीत येतो. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि त्याची अंमलबजावणी अग्निशमन दल करते. दोन्ही कायद्यांची गाठ पडते ती नूतनीकरणाच्या टेबलावर. तिथला कारकून अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला जोडला आहे का, एवढे पाहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अग्निशमन केंद्रात डॉक्टरांची आणि त्यांच्या व्यवस्थापकांची वर्दळ वाढते ती यामुळे. तिथे आलेल्यांना बहुतेक वेळा सुरक्षिततेपेक्षा तारखेची चिंता अधिक असते.

२००६ च्या कायद्याने एक गोष्ट निःसंदिग्ध केली. यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांची आहे. अग्निशमन दल मानके सांगते, तपासते, नोटीस देते. पंप चालू ठेवणे हे त्याचे काम नाही. यंत्रणा बसवणे आणि तिची देखभाल हे काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्यायचे असते. काम पूर्ण झाल्याचे एजन्सी नमुना ‘अ’मध्ये लिहून देते आणि पुढे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र नमुना ‘ब’मध्ये द्यावे लागते. बोलण्यात याला सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात. व्यवस्था कागदावर नेटकी आहे. तिचा कच्चा दुवाही उघड आहे: प्रमाणपत्र देणाऱ्याचे पैसे प्रमाणपत्र घेणाराच देतो. चांगल्या एजन्सीचा माणूस गच्चीपर्यंत चढून व्हॉल्व्ह फिरवून पाहतो आणि दोष असेल तर तसे लिहून देतो. वाईट एजन्सीचा माणूस स्वागतकक्षात चहा घेऊन मागच्या फॉर्मवरची तारीख बदलतो. दोघांचा फॉर्म सारखाच दिसतो. फरक कळतो तो कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिले तरच.

काय पाहायचे, याचे उत्तर राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात आहे. २०१६ च्या आवृत्तीत रुग्णालये ‘क’ गटात, म्हणजे संस्थात्मक इमारतींमध्ये मोडतात. तुरुंगही याच गटात येतात. ही शेजारधर्माची गंमत नाही. ज्या इमारतीतली माणसे स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीने बाहेर पडू शकत नाहीत, अशा इमारतींचा हा गट आहे. म्हणून मापेही त्याच हिशेबाने ठरवलेली आहेत. जिना दोन मीटर रुंद, कॉरिडॉर २.४ मीटर रुंद, कुठल्याही जागेपासून सुरक्षित बाहेरवाटेपर्यंतचे अंतर ३० मीटरांच्या आत आणि पुढे वाट नसलेला कॉरिडॉरचा तुकडा ६ मीटरांपेक्षा लांब नको. २.४ मीटरची गरज कळायची असेल तर दोन खाटा कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आणून पाहाव्यात. एक बाहेर निघालेली आणि एक आत चाललेली अशा दोन खाटा एकमेकींना न अडता जायला तेवढी जागा लागतेच.

ऑफिसला आग लागली तर माणसे जिन्याने खाली उतरतात आणि काम संपते. रुग्णालयात सगळ्यांना खाली आणणे हा शेवटचा उपाय असतो. आधी आडवे हलवायचे: पेटलेल्या वॉर्डातून त्याच मजल्यावरच्या पलीकडच्या भागात, आगरोधक भिंत आणि दरवाजा मध्ये ठेवून. खाट चाकांवर असते, मजला सपाट असतो, त्यामुळे एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय) मिळून एक रुग्ण अर्ध्या मिनिटात पलीकडे नेऊ शकतात. तोच रुग्ण जिन्याने उतरवायचा तर चौघे लागतात आणि व्हेंटिलेटरवरचा असेल तर हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत चालणारा पाचवा. मधला आगरोधक दरवाजा ज्या रुग्णालयात नाही किंवा असूनही ऑक्सिजनचे सिलिंडर टेकवून कायम उघडा ठेवलेला आहे, तिथे हे आडवे हलवणे निव्वळ कागदावर राहते. दरवाजा सतत बंद होतो, ट्रॉली अडते, म्हणून तो टेकवलेला असतो. कारण खरे असते आणि त्यामुळेच ही सवय मोडणे अवघड जाते. धूर आला की आपोआप सुटून बंद होणारा चुंबकीय होल्डर हा त्यावरचा उपाय. त्याचा खर्च फार नाही, पण तो फारच थोड्या ठिकाणी दिसतो.

तपासणीला निघालेला जाणता अधिकारी फाटकापासून सुरुवात करतो. बंब आत येईल का, वळेल का, इमारतीच्या बाजूची मोकळी जागा खरोखर मोकळी आहे का. नकाशात सहा मीटर सोडलेले असतात आणि प्रत्यक्षात तिथे औषधाचे दुकान, जनरेटर, डॉक्टरांच्या गाड्या आणि पावसाळ्यासाठी टाकलेली पत्र्याची शेड असते. मग पंपघर. इथे पंप चालू करून दाखवा असे म्हणण्यापेक्षा पॅनेलवरची कळ ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर, हे न बोलता पाहणे जास्त कामाचे ठरते. पाइप कुठेतरी गळत असला की त्यातला दाब कायम राखणारा जॉकी पंप सारखा सुरू-बंद होतो, आवाज करतो, वीज खातो. मग इलेक्ट्रिशियन तो मॅन्युअलवर टाकून मोकळा होतो. त्या दिवसापासून इमारतीतली सगळी हायड्रंट आणि स्प्रिंकलर यंत्रणा एका माणसाच्या हजर असण्यावर अवलंबून राहते. त्यानंतर गच्ची. सर्वांत वरच्या हायड्रंटला साडेतीन किलो दाब मिळायला हवा. व्हॉल्व्ह उघडला की गढूळ, गंजलेले पाणी आधी येते आणि किती वर्षांत तो उघडलेला नाही हे त्या रंगावरून समजते. कधी पाणी येतच नाही.

छतावरचे धूरशोधक यंत्र हा आणखी एक बोलका पुरावा. रंगकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे टोपण चढवलेले असते. रंगारी जातो, टोपण राहते. खालून पाहणाऱ्याला यंत्र शाबूत दिसते, फॉर्ममध्ये त्याची गणनाही होते. पॅनेलवर ‘फॉल्ट’चा दिवा लागलेला असेल आणि त्याचा बझर बंद केलेला असेल, तर असा बझर कोणी व का बंद केला हे विचारावे. उत्तर ठरलेले असते: रात्री उगाच वाजतो, रुग्ण घाबरतात. उगाच का वाजतो ते शोधायला लागणारा एक दिवस मात्र कोणी दिलेला नसतो.

सर्वांत जास्त शिकवणारी जागा म्हणजे मागचा जिना. त्यावर मोडक्या खाटा, चाक निखळलेल्या व्हीलचेअर, जुन्या केसपेपरचे गठ्ठे आणि उचलून न्यायच्या वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या असतात. दरवाजाला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे. कुलपामागची कारणे व्यवस्थापन सहसा मोकळेपणी सांगत नाही, कर्मचारी सांगतात. भेटीच्या वेळेबाहेर नातेवाईक मागून वर येतात. बाळ पळवून नेल्याच्या बातम्या वाचलेल्या असतात. आणि बिल न भरता कोणी निघून जाऊ नये, ही धास्ती असते. यातल्या पहिल्या दोन चिंता रास्त आहेत. आगीचा इशारा मिळताच आपोआप उघडणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप किंवा आतून दाबताच उघडणारा आडवा दांडा यांनी त्या भागतात. तिसरीचे निराकरण बाहेरवाटेवर शोधायचे नसते. सरकारी रुग्णालयांत पुढच्या जिन्याची कथा वेगळी असते. तिथे रात्री नातेवाईक चटया अंथरून झोपतात, कारण त्यांना झोपायला दुसरी जागा नसते. धर्मशाळा नसलेल्या रुग्णालयाला जिना मोकळा ठेवण्याचा हुकूम देऊन जिना मोकळा होत नाही.

अग्निशामक नळकांड्यांचे म्हणाल तर ती बहुतेक ठिकाणी असतात, भरल्याची चिठ्ठीही ताजी असते. प्रश्न ती कुणाला चालवता येतात हा. व्यवस्थापकाला विचारले तर तो पिन ओढणे, नळी धरणे, दाबणे असे पाठ म्हणून दाखवतो. अनुभवी अधिकारी त्याला विचारत नाही. तो वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारतो, “मावशी, इथं धूर दिसला तर पहिल्यांदा काय कराल?” मावशी “सिस्टरांना सांगेन” म्हणाल्या आणि सिस्टर “आरएमओंना (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन करीन” म्हणाल्या, तर त्या मजल्यावर आगीशी सामना करणारे कोणी नाही हे ध्यानात येते. उलट कुठे मावशी हात धरून नेतात आणि ऑक्सिजनची मजल्यावरची मुख्य चावी दाखवतात. अशा रुग्णालयाच्या अहवालात किरकोळ त्रुटी असल्या तरी मन निर्धास्त राहते.

ही चावी महत्त्वाची का, ते २०२१ या वर्षाने दाखवले. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळे दगावली. मार्चच्या अखेरीस भांडुपच्या एका मॉलमध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयात शिरला. २३ एप्रिलला पहाटे विरारमधल्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. शेवटच्या घटनेत ११ रुग्ण गेले आणि ती भरदिवसा घडली. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. गुजरातेत २०२० मध्ये अहमदाबाद आणि राजकोटच्या कोविड रुग्णालयांत आगी लागल्यावर सर्वोच्च न्यायालयानेही १८ डिसेंबर २०२० ला प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी अग्निसुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमायला सांगितले होते. आदेश कमी पडले नव्हते.

यातल्या बहुतेक आगी अतिदक्षता कक्षातच का लागल्या, यात गूढ काही नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो २३ टक्क्यांच्या वर गेला की चादर, गादी, मास्कची नळी नेहमीपेक्षा लवकर पेट घेते आणि वेगाने जळते. हाय-फ्लो यंत्र एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देते. त्यातला बराचसा ऑक्सिजन खोलीतच राहतो. काचा कायमच्या बंद, एसी तीच हवा फिरवणारा. एसी चोवीस तास चालतो, कारण कक्ष कधी रिकामा होत नाही, आणि म्हणून त्याची साफसफाईही टळत जाते. एका खाटेला व्हेंटिलेटर, मॉनिटर, तीन-चार सिरिंज पंप, गादीत हवा भरणारे यंत्र. भिंतीवर सॉकेट पुरत नाहीत, मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि त्यावर दुसरा. ज्या वायरिंगची क्षमता साध्या जनरल वॉर्डच्या हिशेबाने आखलेली होती, तिच्यावर दहा खाटांचा अतिदक्षता विभाग बसवला जातो. मंजूर भार आणि प्रत्यक्ष भार यांची तुलना करणारा कागद फायर ऑडिटच्या फाईलमध्ये क्वचितच सापडतो, कारण वीज हा विद्युत निरीक्षकाचा विषय आणि आग हा अग्निशमन दलाचा. पेटते मात्र दोघांच्या सीमेवर.

आग लागल्यावर मारतो तो धूर. गादीतला फोम आणि तारांवरचे प्लॅस्टिक जळून निघणारा काळा, विषारी धूर काही मिनिटांत खोली भरून टाकतो. कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या खासगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला आग तळघरात होती, जिथे वाहनतळाऐवजी सामान साठवलेले होते. वरच्या मजल्यांवर ज्वाळा पोचल्याच नाहीत. एसीच्या वाहिन्यांतून धूर पोचला, काचेच्या बंद भिंतींनी तो बाहेर जाऊ दिला नाही आणि सुमारे ९० माणसे गुदमरून गेली. म्हणून तारा आणि पाइप ज्या उभ्या डक्टमधून जातात, त्या प्रत्येक मजल्यावर आगरोधक सामग्रीने बुजवलेल्या आहेत का, हे पाहण्याला नळकांडी मोजण्यापेक्षा कितीतरी जास्त मोल आहे. डक्टचे दार उघडून विजेरी खाली मारली आणि तळमजला दिसला, तर उत्तर मिळाले. अतिदक्षता कक्षाची निदान एक खिडकी आतून उघडता यावी, ही अट अशीच साधी. वातानुकूलनाच्या नावाखाली ती आधी मोडली जाते.

महाराष्ट्रातल्या शहरांत रुग्णालय म्हणजे बहुतांशी दहा-पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होम, तेही निवासी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर. सत्तर-ऐंशीच्या दशकात डॉक्टर दांपत्याने दोन फ्लॅट घेतले, मधली भिंत पाडली आणि परिसरातली निम्मी बाळंतपणे तिथे झाली. ही रुग्णालये वाईट नाहीत. गरीब-मध्यमवर्गीयांना परवडणारी तीच आहेत. पण जिना एकच, तो जेमतेम एक-सव्वा मीटर रुंद, सोसायटीशी सामाईक आणि त्याखालीच मीटरची खोली. दोन मीटरचा जिना तिथे आणायचा कुठून? पाण्याची भूमिगत टाकी खणायला सोसायटी जागा देत नाही, बाहेरून लोखंडी जिना लावायला खालच्या दुकानदाराची हरकत असते. काही डॉक्टर मनापासून खर्चाला तयार असतात आणि तरी अडतात. अशा वेळी नियमाचे पुस्तक पूर्ण लावले तर रुग्णालय बंद करावे लागेल, अजिबात लावले नाही तर दाखला खोटा ठरेल. व्यवहारात मधला मार्ग निघतो: खाटा कमी करणे, अतिदक्षता विभाग तळमजल्यावर आणणे, मीटर खोलीला आगरोधक दार आणि वर शोधक, गच्चीच्या टाकीवरून होजरील, स्वयंपाकघर बंद. हा मार्ग कायद्याच्या अक्षराला कमी आणि जिवाला जास्त धरून आहे, असे म्हणता येईल. पण तो अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेला आहे, आणि विवेकावर सोडलेल्या जागीच चिरीमिरीलाही वाव मिळतो. अशा जुन्या रुग्णालयांसाठी वेगळी, लेखी, सर्वांना दिसेल अशी सवलतींची यादी असती तर डॉक्टर आणि अधिकारी दोघांचीही मान सुटली असती.

मॉक ड्रिल हा तपासणीचा भाग मानला जातो. रुग्णालयांच्या दर्जाचे ‘एनएबीएच’ मानांकन घेतलेल्यांना ‘कोड रेड’ची, म्हणजे आगीच्या इशाऱ्याची, तालीम वर्षातून दोनदा तरी करावी लागते. ती सकाळी अकराला, फोटोग्राफर बोलावून, आवारात पेटवलेल्या पत्र्याच्या डब्यासमोर होते. सगळे कर्मचारी टाळ्या वाजवतात. रात्री दोनला त्याच इमारतीत मजल्यावर एक सिस्टर, दोन मजल्यांत मिळून एक मामा, आरएमओ झोपेत आणि खाली वॉचमन असतो. नवजात कक्षात एक सिस्टर दोन हातांत दोन बाळे उचलू शकते. बाळे बारा असतील तर बाकीच्यांचे काय, याचा हिशेब तालमीत मांडलेला नसतो. चार-चार बाळे एकदम नेता येतील असे खिशांचे अ‍ॅप्रन मिळतात, महागही नसतात. जिथे कुणी रात्रीची तालीम एकदा केली आहे, तिथे ते हमखास भिंतीवर टांगलेले दिसतात, कारण रात्रीच्या तालमीत हातांची कमतरता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. ड्यूटीची यादी हा अग्निसुरक्षेचा कागद आहे, ही गोष्ट अजून तपासणीच्या नमुन्यात शिरलेली नाही.

तपासणीनंतर अहवाल आणि त्रुटी असल्यास नोटीस निघते. पूर्ततेची मुदत संपूनही काही झाले नाही, तर वीज-पाणी तोडण्यापासून इमारत मोहोरबंद करण्यापर्यंतचे अधिकार कायद्यात आहेत. हॉटेल किंवा गोदामाला कुलूप लावता येते. चालू रुग्णालयाला लावायचे तर आतले रुग्ण कुठे न्यायचे, हा प्रश्न पहिला उभा राहतो आणि बऱ्याचदा कारवाई तिथेच थांबते. त्यातल्या त्यात परिणामकारक ठरते ती टप्प्याटप्प्याची पद्धत: आधी नवे रुग्ण भरती करणे बंद, मग नियोजित शस्त्रक्रिया बंद, असलेले रुग्ण बरे होऊन जातील तसा मजला रिकामा. नव्या भरतीवर बंदी आली की जे काम दोन वर्षे होत नव्हते ते तीन आठवड्यांत होते.

सरकारी रुग्णालयांना हा धाकही नाही. १९४९ चा नोंदणी कायदा शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या रुग्णालयांना लागूच होत नाही. त्यांना परवाना नको, म्हणून नूतनीकरण नाही, म्हणून दर तीन वर्षांनी दाखला मागणारे टेबलही नाही. २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा त्यांनाही बांधतो, पण नोटीस घेणारा जिल्हा शल्यचिकित्सक आणि पैसे देणारे खाते वेगळे असतात. नोटीस आली की तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे अंदाजपत्रक मागतो. ते प्रशासकीय मान्यतेसाठी वर जाते, निधीची तरतूद पुढच्या आर्थिक वर्षात होते, मग निविदा निघते. तोवर शल्यचिकित्सकाची बदली झालेली असते. नवा आलेला फाईल पाहतो, जुन्या अंदाजपत्रकातले दर बदललेले असतात आणि सुधारित अंदाजपत्रक पुन्हा वर जाते. भंडारा आणि अहमदनगर ही दोन्ही जिल्हा रुग्णालये होती. या साखळीला तोडगा सुचवणारे अधिकारी एकच गोष्ट मागतात: शोधक, वायरिंग आणि आगरोधक दारे यांच्यासाठी रुग्णालयाच्या हाती राहील असा छोटा राखीव निधी, ज्याला मंत्रालयात जावे लागणार नाही. तो मिळेपर्यंत जिल्हा रुग्णालयातला इलेक्ट्रिशियन एक्स्टेन्शन बोर्डाची जळकी पिन बदलतो आणि स्टोअरच्या वहीत तशी नोंद करतो.